उलटी प्रदक्षिणा

लवूने घंटा वाजवली, हात जोडले, जे मागायचं ते मनातल्या मनात मागितलं आणि तो प्रदक्षिणेला वळला. देवळात गर्दी नव्हती. मुलुंडच्या त्या नाक्यावरच्या गणपतीला मंगळवार सोडला तर गर्दी नसतेच, आणि आज गुरुवार होता. गाभाऱ्यामागचा बोळ अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. तिथल्या अंधारात तो शिरला आणि समोरून आलेली आई त्याच्या छातीवर आदळली. तिच्या हातातलं तबक फरशीवर पडून केवढ्यांदा वाजलं. हळदीकुंकवाचा सडा झाला. लवूला पहिल्यांदा वाटलं, आईच चुकली. म्हातारी झाली, दिसत नाही, कुठूनही फिरते. तो तिला तसं बोलणारही होता. तेवढ्यात आईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"मेल्या, देवाक उलटो फिरतंस?" ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्याने खाली वाकून तबक उचललं, दुर्वा गोळा केल्या, आणि पाठीमागे भिंत असेल अशा भीतीने चाचपत पाऊल पाऊल मागे सरकत बोळातून बाहेर आला. कळायला लागायच्या आधीपासून, आईच्या कडेवर असल्यापासून, तो देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरत आला होता. गावच्या रवळनाथाला, इथल्या गणपतीला, लग्नात होमाला. त्यात आठवायचं असं काही नव्हतंच. जेवताना घास तोंडात जातो तसे पाय आपोआप जायचे. आज तेच पाय त्याला न विचारता दुसऱ्या बाजूने गेले होते. तो पुन्हा देवासमोर उभा राहिला आणि नीट, बरोबर बाजूने फेरी घालायची म्हणून वळला, तर बरोबर बाजू कुठली यासाठी त्याला क्षणभर थांबावं लागलं. तो क्षण फार वाईट होता. पुजारी बघत होता. लवूने चप्पल शोधायचं निमित्त केलं आणि फेरी न घालताच बाहेर पडला.

वाटेत आई पदराने तबक पुसत चालली. तिला काय म्हणायचंय ते त्याला ठाऊक होतं. चाळीच्या अंगणातल्या तुळशीभोवती तो हल्ली रोज संध्याकाळी जे करत होता, ते तिला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. पण ती तरी काय करणार? मुलगा मस्कतला निघाला होता. भांडुपच्या ज्या औषधांच्या कंपनीत तो व्हॅन चालवायचा, तिने माल पोचवायचं काम बाहेर कंत्राटावर द्यायचं ठरवलं होतं आणि दिवाळीनंतर चारही ड्रायव्हरांना नारळ मिळणार होता. वडील संपात गिरणी बुडाली तेव्हा गावी गेले ते आंब्याच्या सावलीत बसले ते बसलेच. तेव्हा अंधेरीच्या एजंटाने मस्कतला ड्रायव्हर पाहिजेत म्हटल्यावर लवूने मागचापुढचा विचार केला नव्हता. गाडी चालवणं एवढी एकच गोष्ट त्याला येत होती आणि ती तो झकास करायचा. त्याच्या व्हॅनमधली बाटली कधी फुटली नव्हती. विचार करायची पाळी आली ती नंतर, जेव्हा एजंटाने सांगितलं की इथलं लायसन तिकडे कागदाचा तुकडा. इथे शनिवारी एजन्सीची टेस्ट, ती पास झालास तरच विमान. आणि तिकडे उतरल्यावर पुन्हा त्यांची टेस्ट, त्यांच्या रस्त्यावर, त्यांच्या नियमांनी. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने चालते. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. चौकाचौकात मोठमोठी सर्कलं, आणि त्या सर्कलांना वळसा घालायचा तो आपल्या उलट. आपल्याकडे गाडी सर्कलला फिरते ती देवाला फिरल्यासारखी. तिकडे नाही.

यातलं अर्धं त्याला एजंटाने सांगितलं होतं, अर्धं सीतारामने. सीताराम त्याच्याच गावचा, घाटकोपरला भटवाडीत राहायचा. तो ड्रायव्हर म्हणून मस्कतला गेला आणि तिकडच्या टेस्टला तीनदा नापास झाला. लायसन नाही तर ड्रायव्हर कसला? मालकाने त्याला गोदामात घातला. करार संपेपर्यंत सीतारामने सिमेंटच्या गोणी उतरवल्या, उन्हात, ज्या ट्रकांवर त्याने बसायचं त्याच ट्रकांवरून. हे त्याने गावात कुणाला सांगितलं नव्हतं. लवूला सांगितलं, तेही लवू जायचं म्हणतोय हे ऐकल्यावर.

"डोकं शिकतं रे लगेच," तो म्हणाला होता. "दोन दिवसांत शिकतं. पण हात साला गावचाच राहतो. सर्कल आलं ना, की हा हात आपोआप डावीकडे. बाजूला तो त्यांचा साहेब बसलेला. बोलायचा काही नाही. गाडी थांबवायला लावायचा, दार उघडायचा आणि उतरून चालायला लागायचा. तो उतरला की समजायचं, वाट लागली."

"मग तू इथे का नाही चालवत आता?" लवूने विचारलं होतं. सीताराम परत आल्यापासून मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत बसायचा. चेहऱ्यावर, भुवयांवर पीठ.

सीतारामने हाताकडे बघितलं. "तिकडे इकडचा होता. इकडे आलो तर तिकडचा झालाय. कुठलाच राहिला नाही बघ." मग हसून म्हणाला, "तू आत्तापासून सुरुवात कर. सगळं उलटं कर. चालणं, बसणं, सगळं. जायच्या आधी हाताला मस्कतला पाठवून दे."

लवूने ते मनावर घेतलं. जरा जास्तच मनावर घेतलं असं सुगंधाचं, त्याच्या बायकोचं, मत होतं. त्याने घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्या मनगटावर घेतलं. रस्त्याने तो उजव्या कडेने चालायला लागला आणि समोरून येणाऱ्या माणसांच्या शिव्या खायला लागला. जिन्यावर तेच. जेवायला बसला की परातीएवढं स्टिअरिंग मनात धरून उजव्या हाताने गिअर टाकायचा, आणि आमटीची वाटी कलंडायची. व्हॅन चालवताना रस्ता डावीकडून कापायचा आणि मनात तोच रस्ता आरशात धरल्यासारखा उलटा चालवायचा, दोन्ही एका वेळी. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणायचं. झोपायची भिंतीकडची जागा सुगंधाची होती. तीही त्याने मागून घेतली. तेव्हा मात्र ती म्हणाली, "अहो, निदान झोपताना तरी मुंबईत राहा की." त्यावर दोघं हसली होती. हसताना त्याला वाटलं होतं, हिला सांगावं सीतारामचं. सिमेंटचं. सांगितलं नाही. सुगंधाने शेजारणींना सांगून ठेवलं होतं की आमचे हे तिकडे साहेबाची गाडी चालवणार.

सगळ्यात मजा केली ती शकुने. शकु त्याची मुलगी, दुसरीतून तिसरीत गेलेली, आणि कुठल्याही खेळात नियम कोण मोडतो यावर डोळा ठेवून असणारी. अंगणात तेलाच्या डब्यात तुळस होती. ते झालं सर्कल. शकुने शाळेतून खडू आणून भोवती रस्ता आखला, रिकामी पिंपं मांडून दिली, कारण तिकडे पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायला लावतात असं सीताराम म्हणाला होता. लवू परात हातात धरून गाडी व्हायचा आणि शकु पोलीस. हात वर केला की गाडी जिथल्या तिथे थांबायची, खाली केला की निघायची. तो चुकून डावीकडे वळला की ती नळावरच्या बायकांसमोर शिट्टी फुंकायची. मग पाळी बदलायची आणि शकु गाडी व्हायची. ती इतकी इमानदार गाडी होती की लवूने हात वर केला की एक पाय अधांतरी असला तरी तशीच थांबून डुलत राहायची. तिची चूक कधीच व्हायची नाही. तिच्या हाताला विसरण्यासारखं काही नव्हतंच. एकदा तिने विचारलं, "बाबा, तिकडे रस्ता कसा ओलांडतात?" त्याला तिचं कौतुक वाटलं. हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याने तिला खडूच्या रेघेवर उभं केलं, खांदे धरले आणि सांगितलं, तिकडे आधी डावीकडे बघायचं. गाडी डावीकडून येते. मग दोघांनी ते पुन्हापुन्हा करून बघितलं. रेघेवर उभं राहायचं, डावीकडे बघायचं, चालायचं. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "पोराक तरी सोड रे." लवूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या संध्याकाळी तो फार सुखात होता.

देवळातल्या प्रकारानंतर शुक्रवारी त्याने ठरवलं की आजचा दिवस उलटं काही करायचं नाही. उद्या टेस्ट. हाताला विश्रांती. व्हॅनमध्ये बसला, आरसा पुसला, नेहमीसारखा निघाला. पाच रस्त्याच्या चौकात सकाळी सकाळी वर्दळ नव्हती. पुढे एखादं वाहन असलं की त्याच्यामागून जाता येतं, माणूस चुकत नाही. रिकामा रस्ताच माणसाला उघडा पाडतो. लवूने वळण घेतलं, दुसरा गिअर टाकला, आणि काहीतरी छान, सोपं वाटलं. बऱ्याच दिवसांनी डोकं शांत होतं. रस्ता त्याच्यासमोर सरळ पसरला होता. मग समोरून एक हातगाडीवाला येताना दिसला, कांद्याची पोती लादलेला, आणि लवूच्या मनात आलं, हा गाढव चुकीच्या बाजूने काय येतोय. हातगाडीवाला थांबला. दोन्ही हात वर करून तो काहीतरी ओरडत होता. लवूने ब्रेक मारला. पाठीमागे बाटल्या किणकिणल्या. मग त्याला कळलं की डाव्या बाजूचा सगळा रस्ता रिकामा आहे आणि आपण उजव्या कडेला फुटपाथला लागून उभे आहोत.

"सो रहा है क्या?" हातगाडीवाला म्हणाला. लवूला त्याला सांगावंसं वाटलं की नाही रे बाबा, झोपलो नव्हतो, चांगला जागा होतो. तीच तर भीती होती. झोपेत माणूस चुकला तर जागं होऊन सुधारतो. त्याने व्हॅन बरोबर बाजूला घेतली आणि भांडुपपर्यंत एका बसच्या मागे मागे चालवत नेली, बस थांबली की थांबत, स्टॉपवर माणसं चढेपर्यंत. घाम कानामागून मानेत उतरत होता. हे कुणाला सांगायचं? सुगंधाला सांगितलं तर ती म्हणेल जाऊ नका. आईला सांगितलं तर ती म्हणेल देव कोपला. सीतारामला सांगितलं तर तो पीठ झटकेल आणि म्हणेल, झालं, सुरू झालं. आणि जायचं नाही म्हटलं तर दिवाळीनंतर करायचं काय? त्याला एकदम वडील दिसले, आंब्याखाली, हात मांडीवर. कापडाचा तुटलेला धागा बोटाच्या एका पिळात सांधणारे ते हात. गावी गेल्यावर पहिले काही महिने त्यांची बोटं बसल्या बसल्या हलायची. मग थांबली. बोटं थांबली तेव्हा आईला हायसं वाटलं होतं. लवूला तेव्हाही वाटलं नव्हतं.

शनिवारी मरोळला एका बंद कारखान्याच्या आवारात टेस्ट झाली. चुन्याने रस्ते आखले होते, मधोमध टायर रचून सर्कल केलं होतं आणि कुठून तरी पैदा केलेली डाव्या स्टिअरिंगची जुनी जीप उभी होती. टेस्ट घेणारे नंदकिशोर म्हणून लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, बारीक मिशीचे, कमी बोलणारे. लवूच्या आधीच्या पोराने जीपचं उजवं दार उघडलं, स्टिअरिंग नाही बघून ओशाळला, आणि रांगेतली सगळी माणसं हसली. लवू हसला नाही. त्याची पाळी आली तेव्हा तो विचार न करता डाव्या दाराने चढला. उजवा हात खाली गेला तर गिअर तिथेच होता, त्याची वाट बघत असल्यासारखा. तो पहिल्यांदाच त्या बाजूला बसत होता आणि त्याला घरी आल्यासारखं वाटलं. चुन्याचा रस्ता उजव्या कडेने कापत तो सर्कलला आला, टायरांना डाव्या हाताशी ठेवून फिरला, पिंपांमधून जीप मागे घेतली. पिंप हललंसुद्धा नाही. हात त्याचे होते पण तो त्यांच्यात कुठेच नव्हता. नुसता बघत होता.

"पहले उधर चलाया है क्या?" नंदकिशोरनी विचारलं.

"नाही साहेब. कधीच नाही."

त्यांनी त्याच्याकडे, खोटं बोलणाऱ्याकडे बघावं, तसं बघितलं. "नया आदमी ऐसा नहीं चलाता," ते म्हणाले आणि पास म्हणून खूण केली. रांगेतल्या कुणीतरी लवूच्या पाठीवर थाप मारली. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. सिमेंटच्या गोणी डोळ्यांसमोरून गेल्या. सुगंधाचा चेहरा आला. पण आनंदाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, पायात काटा मोडून राहतो तसं, चाललं की कळणारं. मरोळहून पवईमार्गे मुलुंडची बस पकडून तो पुढच्या बाकावर बसला. खिडकीतून बघताना त्याला सारखं वाटत होतं की बस चुकीच्या बाजूने चालली आहे. समोरून येणारा प्रत्येक ट्रक आपल्यावरच येतोय. शेजारचा माणूस शेंगा खात होता. लवूने पुढचा दांडा धरला आणि मुलुंड येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

बस आग्रा रोडवर चाळीच्या पलीकडच्या बाजूला थांबायची. उतरला तर समोर, रस्त्याच्या त्या कडेला, शकु उभी. वाण्याकडे काहीतरी आणायला आली असावी, हातात पुडी होती. आग्रा रोड एकटीने ओलांडायचा नाही हा घरचा नियम होता, आणि शकु नियम मोडणारी नव्हती. पण बाबा टेस्टला गेले होते आणि बाबा समोर उभे होते. तिने पुडीचा हात हलवून विचारलं, काय झालं? लवूने मान डोलावली. पास. तिचा चेहरा एवढा उजळला की रस्त्याच्या रुंदीवरूनही त्याला तिचा पडलेला दात दिसला.

मग ती फुटपाथच्या कडेला नीट उभी राहिली. दोन्ही पाय जुळवले. खडूच्या रेघेवर उभी राहायची तशी. तिने डावीकडे बघितलं. घाईघाईने नाही, पुरतं, लांबवर बघितलं. तिकडून काही येत नव्हतं. इथे तिच्या कडेला त्या बाजूने येणार तरी काय होतं? ती खाली उतरली.

दुसरीकडून टेम्पो येत होता. लवूला तो दिसला, त्याचा वेग दिसला, आणि शकुने त्या बाजूला मानही वळवलेली नाही हे दिसलं. ओरडायचं होतं. उजवीकडे बघ की डावीकडे बघ? तिची उजवी म्हणजे त्याची डावी, आणि त्याची डावी म्हणजे कुठली? त्याने घड्याळाच्या हाताकडे बघितलं, लहानपणापासून डावा हात त्याला घड्याळाच्या जागेवरून कळायचा, आणि घड्याळ उजव्या हातात होतं. हात वर गेला. तो त्याने केला नाही, हातच गेला, तळवा समोर करून, अंगणात जायचा तसा.

शकु थांबली. एक पाय पुढे टाकायला उचललेला, तसाच अधांतरी ठेवून, डुलत. टेम्पो तिच्या पुढ्यातून गेला. त्याच्या वाऱ्याने तिचा फ्रॉक अंगाला चिकटला आणि सुटला. ड्रायव्हर काही बोलला असेल, लवूला ऐकू आलं नाही. त्याच्या अंगातलं सगळं बळ गेलं आणि हात खाली पडला.

हात खाली आला म्हणून शकु निघाली. ती कुठेच न बघता आली. पोलिसाने सोडल्यावर गाडीने काय बघायचं? एक लॉरी कर्कश ब्रेक मारून थांबली, एक स्कूटरवाला वळसा घालून शिव्या देत गेला, आणि आग्रा रोडच्या मधोमध ती लहानशी गाडी सरळ रेषेत, पुडी सांभाळत, त्याच्याकडे चालत आली. फुटपाथवर चढून त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी बघितलं होतं बाबा," ती म्हणाली. तो रागावलाय असं तिला वाटलं असावं. "आधी डावीकडेच बघितलं."

"हो," लवू म्हणाला.

"मग तो टेम्पो कुठून आला?"

त्याने तिला कमरेशी घट्ट धरलं होतं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. पुडी दोघांच्या मधे दाबली जाऊन फाटली आणि साखर त्याच्या चपलेवर सांडायला लागली. तिला काय शिकवलं आपण, आणि कधी पुसणार? पुढच्या आठवड्यात विमान. मागे ही शाळेत जाईल, वाण्याकडे जाईल, रोज या कडेला उभी राहून चांगल्या मुलीसारखी बाबाने सांगितलेल्या बाजूला बघेल. "शकु, ते तिकडचं होतं," तो म्हणाला. "इथे या बाजूने येतात गाड्या. इथे आधी इकडे बघायचं. समजलं?"

"आणि तुम्ही गेलात की तिकडे?"

"तिकडे मी आधी डावीकडे बघणार."

शकुने विचार केला. नियमात कुठेतरी खोट आहे हे तिच्या लक्षात आलं होतं. "पण तुम्ही चुकलात तर?" ती म्हणाली. "तिकडे तुम्हाला हात कोण दाखवणार?"

लवूने तिचा हात धरला. घरी जायचं तर रस्ता पुन्हा ओलांडायला हवा होता. लॉरी गेली, मागची बस गेली, दोन रिक्षा गेल्या. मग रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा झाला. शकु मान वर करून त्याच्याकडे बघत थांबली होती, आणि लवू तिचा हात धरून फुटपाथच्या कडेला, आधी कुठे बघायचं ते आठवत उभा होता.